तारेच्या दोन टोकांवरची मालकी

(मांडव, ध्वनिक्षेपक व एलईडी पडदे भाड्याने देणारे लहान व्यावसायिक आणि त्यांच्याकडील कामगार यांच्या बैठकीत केलेले भाषण)



समाजवादी माणसाने मालकीविषयी बोलायचे ते जमीन, गिरणी, फार तर बँक यांच्या संदर्भात, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी आज एका पेटीविषयी बोलणार आहे. संगणकाचे किंवा कॅमेऱ्याचे चित्र घेऊन ते एलईडी पडद्याला पुरवणारा प्रोसेसर ही ती पेटी. तुमच्यापैकी कित्येकांच्या गोदामात ती धूळ खात पडली असेल. ती बिघडलेली नाही. ज्या कंपनीच्या पडद्याबरोबर ती घेतली तो पडदा मोडीत निघाला, आणि दुसऱ्या कंपनीचा पडदा तिला ओळख देत नाही, एवढाच तिचा अपराध.

हे नेमके अडते कोठे? पेटीत चित्र शिरते ते डीव्हीआय किंवा एचडीएमआय या मार्गांनी. पहिला १९९९ सालचा, दुसरा २००२ सालचा. दोन्ही सर्व कंपन्यांना समान. दुसऱ्या टोकाला, कॅबिनेटच्या आत, मोड्यूलला जाणारी सोळा पिनांची पट्टी, जिला आपण हब-७५ म्हणतो, तीही जवळजवळ सर्वत्र सारखीच. कुलूप आहे ते मधल्या तारेवर : पेटीतील सेंडिंग कार्डापासून कॅबिनेटमधील रिसिव्हिंग कार्डापर्यंत. ही तार नेटवर्कची साधी केबल आहे, तिचे गणितही कोणा कंपनीच्या घरचे नाही. एका बिंदूला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. साडेसहा लाख बिंदू धरले तर सेकंदाला ९३ कोटी ६० लाख बिट होतात, आणि तारेची मर्यादा आहे १०० कोटींची. म्हणूनच २०,७३,६०० बिंदूंच्या फुल एचडी चित्राला चार तारा लागतात, मग कंपनी कोणतीही असो. लिफाफा सार्वजनिक टपालाचा, आतले पत्र तेवढे प्रत्येकाच्या सांकेतिक लिपीत, असा हा प्रकार आहे.

ही लिपी उलगडत नाही असेही नाही. फाल्कन प्लेअर या मुक्त संगणकप्रणालीने साध्या संगणकाच्या नेटवर्क-पोर्टातून कलरलाइटची रिसिव्हिंग कार्डे चालवून दाखवली आहेत. हौशी मंडळींना जे साधते ते कारखानदारांना साधत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

आता तुमच्या उपयोगाचे. पेटीला डीव्हीआय किंवा एचडीएमआय आउटपुट असेल, तर ती भंगारात देऊ नका. नव्या पडद्याच्या सेंडरच्या अलीकडे ती जोडा. चित्र लहानमोठे करणे, एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाणे, चित्रात चित्र बसवणे ही कामे ती पूर्वीसारखीच करील. तिची मर्यादा मात्र ओळखून राहा. एकेरी डीव्हीआयवर सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने १९२० बाय १२०० च्या पलीकडे फारसे जाता येत नाही, आणि एचडीसीपी २.२ मागणारे उपकरण समोर आले तर पडदा काळाच राहील. पेटीला नुसते नेटवर्क-पोर्टच असतील, तर उलटा मार्ग धरावा लागतो : कॅबिनेटमधील रिसिव्हिंग कार्डे बदलून पेटीच्या जातीची बसवायची. खर्च नव्या पडद्याच्या मानाने थोडा आहे. परंतु नव्या कार्डाला मोड्यूलवरील ड्रायव्हर चिप ओळखता आली पाहिजे, आणि मोड्यूलची रचना सांगणारी कॉन्फिगरेशन फाईल हाताशी पाहिजे. आपल्या एका सहकाऱ्याने पुरवठादाराकडे त्याच्या मोड्यूलचा हा तपशील मागितला, तेव्हा उत्तर मिळाले की तो माल बंद झाला, नवा घ्या. ज्या मालाची पै न पै फेडली, त्याचे वर्णनही ग्राहकाच्या मालकीचे नाही!

प्रत्येक अडचणीत कंपनीचे कारस्थान आहे, असे मी म्हणणार नाही. कारखान्यात प्रत्येक बिंदूची उजळणी मोजून ते आकडे बहुधा रिसिव्हिंग कार्डात साठवलेले असतात. कार्ड बदलताना ते जपले नाहीत तर पडद्यावर ठिगळे दिसतात. सभेत ती खपतील, दूरदर्शनच्या कॅमेऱ्यापुढे खपणार नाहीत. सांगणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे.

हा झगडा जुना आहे. अमेरिकेत दूरध्वनी कंपनीच्या तारेला दुसऱ्याचे यंत्र जोडायची बंदी होती. टेक्ससच्या कार्टर नावाच्या गृहस्थाने आपले रेडिओ-यंत्र जोडले, आणि १९६८ साली तेथील दळणवळण आयोगाने ती बंदी मोडीत काढली. तारेला अपाय होतो हा कंपनीचा बचाव टिकला नाही. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली एक तरतूद आली. एका संगणकप्रणालीचा दुसरीशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती सहजी मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती कायदेशीर धारकाने केल्यास तो भंग ठरत नाही : कलम ५२, पोटकलम १, खंड 'एबी'. हा खंड आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी असे चार विषय होते. मांडववाल्याची पेटी यांपैकी कशातच बसत नाही; तो ना ग्राहक, ना शेतकरी.

तेव्हा सुरुवात आपल्या हाताशी आहे तेथून करावी. नगरपालिकांची नाट्यगृहे आणि सभागृहे जनतेच्या पैशाने पडदे घेतात. निविदेतच अट घालायला लावू, की कॉन्फिगरेशन फाईल, उजळणीचे आकडे आणि चिपचा तपशील मालाबरोबर लेखी मिळालाच पाहिजे, आणि माल बंद केल्यावर तारेवरची लिपी कंपनीने खुली केली पाहिजे. आपले नगरसेवक जेथे आहेत तेथे त्यांनी हा ठराव मांडावा, असा माझा आग्रह आहे.

दाराशी एक संगणक ठेवला आहे. ज्यांच्याजवळ आपल्या कॅबिनेटच्या फायली असतील, त्यांनी त्या जाण्यापूर्वी त्यावर उतरवून द्याव्यात. फाईलच्या नावात मोड्यूलचा पिच, चिपचा क्रमांक आणि कार्डाची जात तेवढी लिहा. 'नवीन फाईल एक' असे नाव असले तर ती कोणाच्याच कामाची नाही.