आपल्या गावचं चॅनल

आज बोलायचंय ते आपल्या गावच्या केबल चॅनलबद्दल. बऱ्याच जणींना आठवत असेल, टीव्हीच्या एका नंबरावर आपलंच गाव दिसायचं.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर देशात केबल पसरली. आपल्या हिंगोलीकडं ती जरा उशिराच पोचली. केबलवाल्याच्या खोलीत काय असायचं? वर छत्री, आत व्हीसीआर आणि मॉड्युलेटर नावाची डबी. रिकाम्या नंबरावर कॅसेट लावली की साऱ्या गावाला दिसे. आधी सिनेमे, मग गणपतीची मिरवणूक, औंढ्याची महाशिवरात्र, हिंगोलीचा दसरा, शाळांची गॅदरिंग. खाली पट्टी सरकायची. हळदीचा भाव, कोणत्या गल्लीत आज नळ येणार, हरवलेलं लेकरू आणि दुकानांच्या जाहिराती. त्या जाहिरातींवरच खर्च निघायचा.

आम्हा बायकांना त्याचं मोल वेगळं होतं. महालक्ष्म्यांची आरास पडद्यावर आली की सासूबाईसुद्धा कौतुक करायच्या. बचत गटाच्या मेळाव्याची सूचना फुकट लागायची. जिला वाचता येत नाही तिला सून वाचून दाखवायची. टीव्ही घरात सगळ्यांचा, तो कुणी खिशात घालून नेत नव्हतं. तसं ते चॅनल काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. निवडणुकीत ज्याचा पैसा त्याचीच सभा. आणि आम्ही दिसायचो त्या हळदीकुंकवातच जास्त.

मग सेट टॉप बॉक्स आले. सरकारनं शहरांना २०१५ अखेरची आणि उरलेल्या गावांना मार्च २०१७ ची मुदत दिली. चित्र स्वच्छ झालं, हे खरंच. पण सिग्नल आता मोठ्या कंपनीच्या केंद्रातून कुलूपबंद येऊ लागला. त्यात आपलं चॅनल घालायचं तर कंपनीची मान्यता हवी, वेगळं यंत्र हवं. छोट्या केबलवाल्याला ते कुठून परवडणार? फेब्रुवारी २०१९ पासून नवे दर आले, शंभर चॅनलचे १३० रुपये अधिक कर, पैशाची चॅनल वेगळी. किती तरी घरांनी केबल काढली. दुकानदारांच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर गेल्या. चॅनल बंद झालं, त्याची सूचनासुद्धा कुणी दिली नाही. त्या नंबरावर नुसता निळा पडदा.

लोक म्हणतात, मोबाईलवर सगळं येतंच की. येतं, पण मोबाईल कुणाच्या खिशात? आमच्या गटांत कितीतरी घरी मोठा फोन एकच, आणि तो मालकांसोबत वावरात. सकाळी नळ येणार हे बाईला कळतं संध्याकाळी. आरोग्य शिबिराचा निरोप शिबीर उठल्यावर.

म्हणून गटाच्या सूचना आम्ही आता किराणा दुकानाच्या फळ्यावर खडूनं लिहितो, आणि या रेडिओवर दर गुरुवारी पाच मिनिटं मागितली आहेत. कुणाला काही सांगायचं असेल तर बुधवारच्या बैठकीत चिठ्ठी द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ.