एकच रस्ता, दोन वेग

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत शाळेपुढच्या गल्लीचा विषय निघाला आणि आपल्यात सरळ दोन तट पडले. एक म्हणाला, ई-रिक्षा रेंगाळतात, वाहतूक तुंबते, त्यांना गल्लीतून काढा. दुसरा म्हणाला, कारवाले हॉर्न वाजवत मुलांच्या अंगावर येतात, कारच बंद करा. मी मध्येच बोलून गेलो की हेच भांडण मी अमेरिकेत ऐकले आहे, फक्त तिथे ई-रिक्षाच्या जागी गोल्फ कार्ट होती. त्यावर आपण मला आज उभे केलेत. मी काही वाहतूकतज्ज्ञ नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण या विषयात सॉफ्टवेअरही येते, ते पुढे सांगतो.

कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षे अटलांटात होतो. तिथून साधारण 50 किलोमीटरवर पीचट्री सिटी नावाचे गाव आहे. 1959 साली आखून वसवलेले. या गावात लोक किराणा आणायला, मुलांना मैदानावर सोडायला गोल्फ कार्टने जातात. हायस्कूलची मुलेसुद्धा कार्ट घेऊन शाळेत येतात. गोल्फ कार्ट म्हणजे विमानतळावर म्हाताऱ्या माणसांना बसवून नेतात तशी दारे नसलेली छोटी गाडी. गावात या गाड्यांसाठी 100 मैलांच्या आसपास, म्हणजे 160 किलोमीटर, वेगळे पथ आहेत. झाडीतून, तळ्याकाठून जातात. मोठा हमरस्ता आडवा आला की पथ त्याच्याखालून बोगद्यातून जातो किंवा वरून पुलावरून. कार्टला हमरस्त्यावरच्या मोटारींमध्ये घुसावेच लागत नाही.

दुसरे ठिकाण फ्लोरिडातले 'द व्हिलेजेस'. निवृत्त लोकांची प्रचंड वसाहत. 2005 साली तिथे 3,321 गोल्फ कार्टची मिरवणूक निघाली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. मिरवणुकीचे हे वेड आपल्यालाच आहे असे समजू नका. तिथेही वेगळे पथ आहेत, पण काही रस्त्यांवर मोटारीच्या बाजूलाच पट्टा आखून कार्टला जागा दिली आहे. अडचण सुरू होते ती अशा ठिकाणी, कारण पांढरा रंग कोणाला अडवत नाही.

आता थोडे गणित करू. समजा कार्ट ताशी 24 किलोमीटरने चालली आहे आणि मागून मोटार 56 ने येते आहे. दोघांच्या वेगातला फरक 32. मोटारवाल्याला कार्ट 50 मीटरवर दिसली तर ते अंतर संपायला साडेपाच सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस बघतो, समजतो, ब्रेक दाबतो. तीच मोटार 90 ने असेल तर फरक 66 होतो आणि हातात पावणेतीन सेकंद उरतात. त्यातला सेकंद-दीड सेकंद फक्त लक्षात यायला जातो. त्यात फोनकडे नजर असली तर विचारूच नका. या हिशेबात कार्टवाल्याचा स्वभाव कुठे आला का? तो सरळ, आपल्या बाजूने, दिवा लावून चालला आहे. त्याने आणखी किती जपावे?

म्हणून अमेरिकेतल्या कायद्याने प्रश्न वेगाकडून सोडवायला घेतला. 1998 साली तिथल्या केंद्रीय वाहन सुरक्षा खात्याने मंदगती वाहनांचा वेगळा वर्ग केला. ताशी 20 मैलांच्या वर आणि 25 मैलांपर्यंत, म्हणजे आपल्या 32 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यातली गाडी. तिला हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, पुढची काच, प्रत्येक आसनाला पट्टा आणि ओळख क्रमांक सक्तीचा. त्याहून हळू चालते ती साधी गोल्फ कार्ट, तिला यातले काही लागत नाही. फ्लोरिडात हे मंदगती वाहन 35 मैलांपर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावरच चालवता येते. हे कलम मला फार शहाणपणाचे वाटते. त्यात 'हळू गाडी धोकादायक' असे म्हटलेले नाही. कोणत्या दोन वेगांनी एका रस्त्यावर यायचे आणि कोणत्या नाही, एवढेच ठरवले आहे.

पण एक गोष्ट त्या कायद्यातही अर्धवट आहे. या गाड्यांना मोटारीसारखी टकरीची चाचणी नाही, एअरबॅग नाही. साध्या कार्टला तर बहुधा पट्टाही नसतो आणि बऱ्याच कार्टचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. तिथे चालक डावीकडे बसतो. डावीकडे झटकन वळले की शेजारचा माणूस उजवीकडे, म्हणजे थेट बाहेर फेकला जातो. ताशी 20 च्या वेगात पाच मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर बाजूला ढकलणारा जोर माणसाच्या वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त भरतो. कागदावर करून बघा. मुलांना कौतुकाने मागे तोंड करून बसवतात, आणि गाडी दणक्यात सुटली की ती मुले रस्त्यावर. म्हणजे मोटारीने धडक न देताही माणूस जायबंदी होतो. आपली ई-रिक्षासुद्धा दोन्ही बाजूंनी उघडीच असते आणि काठावर बसलेल्या मुलाने पाय बाहेर सोडलेले असतात.

आता सॉफ्टवेअर. विजेच्या कार्टचा वेग कंट्रोलर नावाच्या डबीत ठरतो. मोटर त्याहून जोरात फिरू शकते, पण डबीतला आकडा तिला थांबवतो. तो आकडा बदलणारे लोक तिथे गावोगावी आहेत. 15 मैलांची कार्ट अर्ध्या तासात 25 ची होते. ब्रेक तेच, टायर तेच, चेसिस तेच. कायद्याने ती आता दुसऱ्या वर्गात गेली, तिला नोंदणी, विमा, परवाना लागतो, पण बाहेरून ती तशीच दिसते. पोलिसाला काय कळणार? आपल्याकडे 25 किलोमीटरच्या आतल्या आणि 250 वॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाकींना नोंदणी नको, परवाना नको. ही सवलत त्या वेगाच्या बदल्यात आहे. आणि 'लॉक काढून देतो' म्हणणारे मेकॅनिक आपल्या शहरात कोणाला माहीत नाहीत? माझ्या दृष्टीने ही फसवणूक आहे. सवलत घ्यायची आणि ज्या वचनावर ती मिळाली ते मोडायचे. हौस म्हणून शाळकरी पोराची स्कूटर अशी करून देणाऱ्या आईबापांना मी हे तोंडावर सांगतो. आवडत नाही त्यांना.

वयाचेही तसेच. फ्लोरिडात 14 वर्षांचे मूल रस्त्यावर कार्ट चालवू शकत होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून 18 वर्षांखालच्याला शिकाऊ किंवा पक्का परवाना लागतो, आणि त्यापुढच्या वयाच्या माणसाला सरकारी फोटो ओळखपत्र. खेळणे समजून दिलेली गाडी खेळणे नाही, हे कळायला तिथेही वेळ लागला.

पीचट्री सिटीतली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ते पथ फक्त कार्टसाठी नाहीत. त्यांवर लोक चालतात, धावतात, सायकली चालवतात, बाबागाडी ढकलतात. मोटारींच्या नावाने खडे फोडणारा कार्टवाला त्या पथावर शिरला की तोच मोठा होतो. चार-पाचशे किलोंची गाडी मागून आवाज न करता येते आणि चालणारी बाई दचकून गवतात उतरते. तिच्याशी बोलाल तर ती कार्टवाल्यांबद्दल तेच शब्द वापरते जे कार्टवाले मोटारवाल्यांबद्दल वापरतात. कोण थोर आणि कोण लहान हे जागा बदलली की बदलते. आपल्या गल्लीतही कारपुढे ई-रिक्षा लहान आहे, पण शाळेतून सुटलेल्या पहिलीच्या मुलापुढे नाही. गेल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी भांडताना त्या मुलाचे नाव कोणी घेतले नाही, हे मला खटकले.

कोणी म्हणेल, अमेरिकेकडे पैसा आहे, मोकळी जमीन आहे, आपण 160 किलोमीटरचे पथ कुठून आणणार? खरे आहे. नाहीच आणता येणार. आपल्या गल्लीत धड फुटपाथ नाही, आहे तिथे फळांची गाडी आहे, आणि त्या गाडीवाल्यालाही पोट आहे. पण जागा वेगळी करता येत नसेल तर वेगातला फरक कमी करता येतो, आणि त्याला बोगदे लागत नाहीत. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला रस्तासुरक्षेची जागतिक परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात पायी चालणारे आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे वेगमर्यादा 30 किलोमीटर ठेवावी असे म्हटले आहे. आपल्या ई-रिक्षाची कायद्याने ठरलेली मर्यादा 25 आहे. कार 30 वर आली की दोघांत फरक राहतो 5 चा. मग ई-रिक्षा कोणाला आडवी वाटणार नाही आणि कारवाल्याला ओव्हरटेक करायची घाई राहणार नाही. कोणाला गल्लीबाहेर काढायची गरज उरत नाही.

2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतले जवळजवळ दर पाचवे माणूस पायी चालणारे होते. हा सरकारी अहवालातला आकडा आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. महापालिकेला आणि वाहतूक शाखेला अर्ज द्यायचा, पण 'गाड्या फार जोरात जातात' असे लिहून नाही. आकडे देऊन. शाळेच्या फाटकापासून 25 मीटर टेपने मोजायचे आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ मारायची. एकाने पहिल्या रेघेवर हात वर करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या रेघेपाशी उभे राहून मोबाइलवर सेकंद मोजायचे. 90 ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. तीन सेकंदांच्या आत गेली ती गाडी 30 च्या वर होती. कार, दुचाकी, ई-रिक्षा, तिन्हींचे वेगळे रकाने करा. ई-रिक्षाचा रकाना गाळू नका, नाहीतर अर्ज एकतर्फी होईल. शाळा भरताना आणि सुटताना, सलग सहा दिवस.

वेगरोधक मागायचा की मर्यादेची पाटी, की शाळेच्या वेळेत कारला बंदी, ते आकडे हातात आल्यावर ठरवू. सोमवारी सकाळी साडेसहाला मी टेप घेऊन फाटकापाशी असेन. मला आणखी चार माणसे लागतील, त्यांत दोन भगिनी असाव्यात, कारण मुलांना सोडायला येणाऱ्या आयांशी बोलायचे आहे. ई-रिक्षा संघटनेच्या मंडळींनाही मी बोलावले आहे, ते येतो म्हणाले आहेत. नावे इथेच, चहाच्या आधी, वहीत लिहून द्या.