पुतण्या कोणाला म्हणावे, भाचा कोणाला?
(कुटुंबमेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



लग्नकार्यात एखादा तरुण येऊन नमस्कारासाठी वाकतो. घरातील ज्येष्ठ सांगतात, 'हा आपल्या आतेबहिणीचा मुलगा.' मुले मान डोलावतात आणि पुढच्या भेटीत त्याला 'कझिन' म्हणून मोकळी होतात. यात मुलांचा दोष थोडा, घराचा अधिक. नाती पाठ करावयाची नसतात. ती ज्या तत्त्वावर उभी आहेत ते समजले की बहुतेक सारी उलगडतात.

ते तत्त्व दोन साध्या शब्दांत दडलेले आहे. पुरुषाच्या भावाचा मुलगा हा त्याचा पुतण्या. तोच मुलगा त्या पुरुषाच्या विवाहित बहिणीचा, म्हणजे स्वतःच्या आत्याचा, मात्र भाचा होतो. रक्ताचे अंतर दोघांपासून सारखेच. मग शब्द दोन का? विवाहाने आत्याचे कुळ बदलले म्हणून. सुनेच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. दिराचा मुलगा तिचा पुतण्या, नणंदेचा मुलगा भाचा. पुतण्या स्वतःच्या कुळातला, भाचा दुसऱ्या कुळातला. इंग्रजीतील 'नेफ्यू' हा शब्द या दोघांना एकाच दाव्याला बांधतो!

चुलत, आते, मामे आणि मावस या चार विशेषणांतही हीच मांडणी आहे. चौघांपैकी केवळ चुलत भावंडे एका कुळातील. उरलेल्या तिन्ही ठिकाणी मधे एखादी स्त्री कुळाचा उंबरठा ओलांडून गेलेली असते. विशेषणे जोडत गेले की वाट लांबते. चुलत मामा म्हणजे आईचा चुलत भाऊ. मावस नणंद म्हणजे नवऱ्याची मावसबहीण. चुलत सासरे म्हणजे जोडीदाराचे काका. जाऊ आणि साडू ही नाती तर अधिकच गमतीची. परस्परांशी रक्ताचा काही संबंध नसलेली दोन माणसे एकाच घराशी जोडली गेल्यामुळे आप्त होतात. मराठीही क्वचित घोटाळा करते, हे मान्य करावयास हवे. 'मेहुणा' म्हणजे पत्नीचा भाऊ आणि बहिणीचा नवराही. तेथे विचारून घेण्यावाचून उपाय नाही.

या जाणिवेला व्यवहारातही मोल आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड संबंधाची मर्यादा आईच्या बाजूने तिसऱ्या आणि वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत ठेवली आहे. मोजताना स्वतःला पहिली पिढी धरावयाचे. मामेबहिणीचे उदाहरण घ्यावे. मुलगा पहिला, त्याची आई दुसरी, आईचे वडील तिसरे. मुलीच्या बाजूने ती स्वतः पहिली, तिचे वडील दुसरे, आजोबा तिसरे. सामायिक पूर्वज दोघांच्याही मर्यादेत आला. म्हणजे संबंध सपिंड. तथापि दोन्ही पक्षांची रूढी संमती देत असेल तर असा विवाह कायद्याला मान्य आहे. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आत्याची मुलगी मात्र टाळतात. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थांचा प्रदेशवार अभ्यास मांडला. त्यात उत्तरेकडील निषेध आणि दक्षिणेकडील संमती यांच्या मधला प्रदेश म्हणून महाराष्ट्र दिसतो.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. विसाव्या शतकात अनेक मराठी घराण्यांनी मोठ्या कष्टाने कुलवृत्तान्त छापले. पण त्यांपैकी बहुतेकांत मुलीची नोंद तिच्या सासरच्या नावापाशी संपते; तिची मुले, नातवंडे पुढे दिसत नाहीत. लग्नात नाव बदलण्याच्या प्रथेने भर घातली. माहेरच्या वंशावळीत एक नाव, सासरच्या वंशावळीत दुसरे. दोन्ही स्त्रिया एकच, हे तिसऱ्या पिढीला कळावे कसे? शास्त्राने तर असे सांगितलेले नाही. महालयात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आईचे वडील, आजोबा व पणजोबा यांचाही नामोच्चार असतो आणि पुढे काका, मामा, आत्या, मावशी, बहीण यांचेही स्मरण होते. गुरुजी नाव विचारतात आणि यजमान आईच्या आजोबांपाशी अडतो, हे चित्र घरोघरी आहे.

कायद्यानेही ही उणीव महाग केली आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले. जुन्या सामायिक जमिनीचा प्रश्न निघाला की आत्याचे वारस शोधावे लागतात. तिचा पत्ता कोणालाच ठाऊक नसेल, तर भावाभावांतला समझोताही अडून राहतो.

घराची वंशावळ लिहावयास घेणाऱ्याने म्हणून आरंभ वृद्ध स्त्रियांपासून करावा. आजीला तिच्या बहिणी किती आणि कोठे दिल्या हे विचारावे. प्रत्येकीचे माहेरचे व सासरचे नाव, गाव आणि मुले लिहावीत. आजोबांकडून शेतांची नावे मिळतात, आजीकडून माणसांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक पिढ्यांच्या नोंदी सापडतात. तेथे जाताना आडनावाबरोबर मूळ गावाचे नावही घेऊन जावे आणि नोंद पाहून झाल्यावर चालू पिढीची नावे लिहून यावे, लेकींच्या नावांसह.