आधी डोळा, मग धूसर पार्श्वभूमी



फोटो काढून घ्यायला येणारी मंडळी हल्ली एक मागणी हमखास करतात, ‘मागचं सगळं ब्लर करा.’ ग्लॅमर छायाचित्रणात तर धूसर पार्श्वभूमी म्हणजे अर्धं सौंदर्य, असाच समज आहे. माझाही होता. तो कसा गेला, ते आज सांगतो.

१९९८ सालची गोष्ट. बदलापूरला हेंद्रेपाड्यात माझा लहानसा स्टुडिओ होता. लग्न, बारसं आणि पासपोर्टचे फोटो यांवर घर चालायचं. एके दिवशी आमच्याच गल्लीतली एक मुलगी आईला घेऊन आली. तिला मॉडेलिंगसाठी पोर्टफोलिओ करायचा होता. आईने भिशीचे पैसे आणले होते. मुलगी हळूच म्हणाली, “काका, मागे आपली चाळ दिसायला नको हं.”

मी मुंबईहून ८५ मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स एका दिवसाच्या भाड्याने आणली. भाडं मोजलंय म्हटल्यावर ती पूर्ण उघडूनच वापरायची, असं मी ठरवून टाकलं! भिंतीच्या मीटरभर पुढे तिला उभं केलं आणि दीड मीटरवरून रोल संपवला. पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट सुरेख दिसले. त्यातले निवडक मोठे करून घेऊन ती लोकलने मुंबईला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा चेहरा उतरलेला होता. “काका, ते म्हणाले, कानातले छान आलेत.”

मी भिंग घेऊन पाहिलं. कानातली रिंग लख्ख, डोळे मात्र मऊ. छोट्या प्रिंटमध्ये लपलेली चूक मोठ्या प्रिंटने उघडी केली होती.

झालं होतं काय? अशी लेन्स पूर्ण उघडी ठेवून दीड मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. म्हणजे दोन बोटं! मी फोकस केला होता डोळ्यावरच. पण तो फ्रेमच्या मध्यभागी घेऊन. नंतर चेहरा वरच्या बाजूला यावा म्हणून कॅमेरा किंचित खाली वळवला. कॅमेरा वळला की फोकसची पातळीही वळते आणि डोळ्याच्या मागे सरकते. त्यातच ती मुलगी हसताना जराशी पुढे झुकली. संपलं!

पुढच्या रविवारी मी स्वखर्चाने पुन्हा फोटो काढले, या वेळी उल्हास नदीच्या काठावर. अ‍ॅपर्चर एफ ४ ठेवलं. स्पष्टतेचा पट्टा सात सेंटिमीटरच्या आसपास गेला. कॅमेरा आधीच उभा धरून चौकट ठरवली आणि मग जवळच्या डोळ्यावर फोकस केला. चेहरा तिरका असला की कॅमेऱ्याजवळचा डोळा स्पष्ट हवा, हा नियम तेव्हापासून मोडलेला नाही.

मग पार्श्वभूमीचं काय? गंमत अशी, की ती आधीपेक्षाही धूसर आली. कारण धूसरपणा नुसत्या अ‍ॅपर्चरवर ठरत नाही. मागची वस्तू किती लांब आहे, यावरही तो ठरतो. मीटरभर मागची भिंत एफ १.८ला जितकी विरघळते, त्याहून पलीकडच्या काठावरची झाडं एफ ४ला थोडी अधिकच विरघळतात. महागड्या लेन्सचं काम माणसाला चार पावलं पुढे आणून होतं.

या धूसरपणाच्या पोताला ‘बोके’ हा जपानी शब्द आहे. पानांतून येणारे उन्हाचे कवडसे लेन्स पूर्ण उघडी असताना गोल दिसतात. अ‍ॅपर्चर लहान केलं, की पात्यांच्या आकाराप्रमाणे त्यांना कोपरे येऊ शकतात. हे सगळं शिकण्यासारखं आहे, पण चेहऱ्यानंतर. आपले गौतम राजाध्यक्ष २०११ साली गेले. त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ साली आलं. ते कुठे मिळालं तर जरूर चाळा. आपली नजर आधी कुठे जाते, ते पाहा.

आता कॅमेरे डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस धरतात आणि मोबाइल गणित करून मागचं पुसून टाकतो. कधीकधी केसांच्या बटाही पुसतो! सोय झाली, हे खरंच. पण काय स्पष्ट ठेवायचं, हा निर्णय अजूनही आपलाच आहे.

ते दुसरे फोटो घेऊन मायलेकी माझ्यासमोर बसल्या होत्या. मुलगी आपले डोळे निरखत होती. आई मात्र मागच्या हिरव्या धुक्याकडे पाहत म्हणाली, “ही आपली नदीच ना हो?” मुलीने मान वर केली आणि हसून म्हणाली, “राहू दे गं, छान दिसतेय.”