साखर, साखरेचे पर्याय आणि शरीरश्रम



स्मृतिव्याख्यानासाठी काहीसा भारदस्त विषय निवडावा असा संकेत आहे. साखरेसारखा स्वयंपाकघरातील विषय मी सुचविला, तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले असावे. परंतु वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने सुलतानबाजार, बडी चौडी, काचीगुडा या भागांतील मराठी कुटुंबांशी माझा जो संबंध आला, त्यात हा विषय मला सर्वांत निकडीचा वाटत आला आहे. मधुमेहाचे निदान झाल्यावर रुग्ण बहुधा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘साखरेऐवजी त्या गोळ्या चालतील का?’ आणि दुसरा, ‘निदान गूळ तरी चालेल का?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. दोष त्या एका पदार्थाचा आहे, तो बदलला की आपण सुटलो, अशी ती समजूत. आज तिचीच तपासणी करावयाची आहे.

साखर आपल्या घरात रोजची झाली, ही गोष्ट फार जुनी नाही. आपल्या याच भागाचे उदाहरण घ्या. मांजरा नदीवर निजामसागर धरण १९३१ साली पूर्ण झाले, त्या पाण्यावर निजामाबाद जिल्ह्यात ऊस उभा राहिला आणि १९३७ साली बोधन येथे निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. आशियातील मोठ्या कारखान्यांत तिची एके काळी गणना होत असे. २०१५ च्या अखेरीस तो कारखाना बंद पडला, ती कहाणी निराळी आहे. तिकडे अहमदनगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला. या कारखान्यांनी कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला, शाळा-महाविद्यालये उभी केली. साखरेला ‘विष’ म्हणून मोकळे होण्याची जी टूम आहे, ती मला म्हणूनच रुचत नाही. मात्र रेशनच्या रांगेत उभे राहून पिशवीतून मोजून आणलेली साखर आणि आज मागेल तितकी मिळणारी साखर यांत फरक आहे, आणि तो फरक मापाचा आहे.

ते माप पाहू. आपल्या देशात दरडोई वर्षाला सुमारे वीस किलो साखर खपते, म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅमहून थोडी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे शंभर उष्मांक, अर्थात पंचवीस ग्रॅम साखर, पाच लहान चमचे. दिवसात तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, येथेच मर्यादा ओलांडली गेली. त्यानंतरची उस्मानिया बिस्किटे, लग्नघरची खुबानी का मीठा, संकष्टीचे मोदक आणि शीतपेये ही सर्व वरची भर.

या बाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू झालेली प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने तार्नाक्याजवळ काम करीत आहे. डॉ. विनायक नारायण पटवर्धन यांनी तिचे संचालकपद भूषविले, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट. ज्या संस्थेचा जन्म अन्नाच्या उणिवेतून झाला, तिनेच २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात म्हटले, की देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे. साखर कमी करा, असेही तीच आता सांगते. एका शतकात काय उलथापालथ झाली, ते यावरून कळते.

‘पण मी तर सडपातळ आहे’ असे म्हणून येथे बसलेल्या अनेकांनी मनोमन स्वतःला वगळले असेल. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम सांगणे अगत्याचे आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. उंची आणि वजन यांवरून काढलेला देहभार निर्देशांक दोघांचाही सारखाच, सुमारे २२. दिसायला दोघेही बारीक. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बालकाचे ३.५ किलो, परंतु आपल्या बालकात कमी पडतात ते स्नायू, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण स्नायू कमी असणे आणि मधुमेह होणे यांचा संबंध मला पुढे सांगावयाचा आहे.

आता गोळ्यांकडे वळू. या पदार्थांचा इतिहास रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना फार तपशिलाने सांगू नये, असे मला गमतीने वाटते, कारण प्रयोगशाळेत काय करू नये याचीच ती उदाहरणे आहेत. १८७९ साली बाल्टिमोरला फाल्बर्ग नावाचा रसायनज्ञ हात न धुता जेवायला बसला आणि हाताला लागलेले सॅकरीन त्याला गोड लागले. १९६५ साली श्लॅटरने कागद उचलताना बोट चाटले, तेव्हा अ‍ॅस्पार्टेम सापडले. आणि १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात शशिकांत फडणीस या संशोधकाने सुक्रालोज चाखले. असे सांगतात, की त्यांचे प्राध्यापक लेस्ली हफ यांनी तो पदार्थ ‘टेस्ट’ करावयास, म्हणजे तपासावयास सांगितले आणि फडणिसांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव घेणे असा अर्थ घेतला. देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, तेव्हा या घोटाळ्याबद्दल त्यांना दोष कसा द्यावा! साखरेच्या रेणूतील काही जागी क्लोरीन बसवून केलेला तो पदार्थ साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड निघाला. आज मधुमेह्यांच्या चहात पडणाऱ्या कित्येक गोळ्यांत तोच असतो.

या गोळ्या विषारी आहेत काय? ठरावीक मर्यादेत नाहीत, असेच उपलब्ध पुराव्यावरून म्हणावे लागते. २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले, तेव्हा वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही जुनीच मर्यादा कायम ठेवली, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. साठ किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. दोन-चार कप चहात ती गाठली जात नाही.

प्रश्न विषाचा नाही, उपयोगाचा आहे. २०२३ च्याच मे महिन्यात त्या संघटनेने सांगितले, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांचा आधार घेऊ नये. दीर्घकाळच्या निरीक्षणात त्यांचा लाभ दिसत नाही. ही शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांना उद्देशून नव्हती, हेही सांगितले पाहिजे. चेन्नईत डॉ. मोहन यांच्या संस्थेने सुमारे १८० मधुमेही रुग्णांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. चहा-कॉफीतील साखर काढून एका गटाला सुक्रालोज दिले. त्या गटाचे वजन आणि कंबरेचा घेर किंचित उतरला. पण तीन महिन्यांच्या रक्तशर्करेचा अंदाज देणाऱ्या चाचणीत फरक पडला नाही. म्हणजे मधुमेह्याने चहात एखादी गोळी घातली तर मी त्याला रागावणार नाही. पण ती गोळी घेतली म्हणून जेवणानंतर जिलबीची परवानगी मिळाली, असे जे मनात येते, तेथे सारा हिशेब फिसकटतो. जिभेला गोडाचे जे माप लागलेले आहे, ते गोळी कमी करीत नाही. मुलांना तर हे पदार्थ देऊच नयेत. वेष्टनावर तशी सूचना असते, अक्षरे मात्र वाचता येऊ नयेत इतकी बारीक!

गुळाविषयी थोडक्यात सांगतो. गुळात लोहाचा आणि इतर क्षारांचा अंश असतो हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो आणि रक्तात तो साखरेसारखाच वागतो. कोल्हापूरचा गूळ पोळीला घ्यावा, चवीसाठी घ्यावा. औषध म्हणून घेऊ नये.

मग उपाय काय? चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना गुळाच्या पदार्थांबरोबर बसून राहण्याचे आणि झोपेचे सुखही मोजले आहे, ते मला फार मार्मिक वाटते. सुश्रुताने तर निर्धन रुग्णाला अनवाणी, छत्रीविना, एका गावी एकाच रात्रीचा मुक्काम करीत शंभर योजने चालावयास सांगितले. आजचे शरीरशास्त्र त्यामागचे कारण देते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्शुलिनची किल्ली लागते. पण स्नायू आकुंचन पावू लागले, की पेशीतील साखर वाहून नेणारे रेणू त्या किल्लीवाचूनही पृष्ठभागावर येतात आणि दार उघडते. श्रम संपल्यावरही स्नायू इन्शुलिनला पुढे एखादा दिवस अधिक चांगला प्रतिसाद देतात. ज्यांच्या अंगी जन्मतःच स्नायू कमी आहेत, त्या आपल्यासारख्यांना याची गरज इतरांहून अधिक.

व्यायाम म्हणजे खाल्लेले फेडणे, असे मात्र समजू नये. दहा चमचे साखरेचे दोनशे उष्मांक जाळावयास साठ किलोच्या माणसाला पाऊण तासाहून अधिक भरभर चालावे लागते. त्या व्यवहारात आपण नेहमी कर्जातच राहू. व्यायामाचा लाभ उष्मांकांच्या वजाबाकीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. केवळ सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार बदलून नियमित चालणाऱ्यांत ३९ टक्के लोकांना. औषध घेणाऱ्यांना झालेला लाभ जवळजवळ तेवढाच होता. उंबरठ्यावरच्या अशा लोकांची संख्या देशात १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांत या सभागृहातलेही काहीजण असतील आणि त्यांना ते ठाऊक नसेल.

आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढीच अपेक्षा आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, त्यासाठी जागा लागते ती सतरंजीएवढी. कोठीच्या रहदारीत चालावे कोठे, ही आपली तक्रार रास्त आहे. तेव्हा शाळेचे मैदान सकाळी तासभर माजी विद्यार्थ्यांसाठी उघडावे, अशी विनंती मी अध्यक्षांना येथेच करतो.

आणखी एक विनंती मुलांसाठी. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले: कोणत्या पेयात किती साखर आहे, ते मुलांना दिसेल असा फलक. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या आहारातील १३ टक्के ऊर्जा साखरेतून येते, असे त्या पत्रात नमूद आहे. आपली शाळा त्या मंडळाची असो वा नसो, फलकाला खर्च तो किती? त्यावरील आकडेमोड सातवीच्या वर्गाने करावी. आणि मधल्या सुटीत पेरू ठेवावेत. आपण जामबागेत बसलो आहोत आणि इकडच्या बोलीत जाम म्हणजे पेरू. या भागाच्या नावाची व्युत्पत्ती मी इतिहासाच्या जाणकारांवर सोपवितो. पण शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि चोथाही भरपूर असतो, याविषयी वाद नाही.

व्याख्यानानंतर चहाची व्यवस्था आहे. साखर वेगळी ठेवावी अशी सूचना मी कार्यवाहांना केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमी घेऊन पाहावा. जीभ दोन-तीन आठवडे कुरकुर करील.