न खाल्लेल्या मिठाला जागायचे कसे?



 

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'जागतिक इतिहासाचे अध्यापन : एक आढावा' असा छापला आहे. आढावा लिहून आणला आहे आणि तो स्मरणिकेत येईलच. इथे मात्र मला एकाच वाक्याबद्दल बोलायचे आहे : 'कोर्तेसने मूठभर सैनिकांनिशी, स्थानिक लोकांच्या मदतीने, अॅझ्टेक साम्राज्य जिंकले.'

तीस वर्षांपूर्वी एका पाठ्यपुस्तकासाठी मी या विषयावर दीड पान लिहून दिले होते. त्यात सेम्पोआला होते, त्लाश्काला होते, तेस्कोको होते. पुस्तक छापून आले तेव्हा या सगळ्या नगरराज्यांच्या जागी तीन शब्द उरले होते : स्थानिक लोकांच्या मदतीने. विचारले, तर सांगण्यात आले की नावे अवघड आहेत, मुलांच्या लक्षात राहत नाहीत. आपली मुले ऑस्टरलिट्झ पाठ करतात. त्लाश्काला त्याहून अवघड आहे का?

कोण होते हे 'स्थानिक'? 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे पाचशे सैनिक आणि सोळा घोडे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्लाश्काला त्याच्याशी लढले, आणि चांगले लढले. मग तिथल्या प्रमुखांनी विचार करून तह केला. तरुण सेनानी शिकोतेन्कात्लच्या मनाला तो कधीच पटला नाही. तह का केला? अॅझ्टेक राजधानी तेनोच्तित्लानच्या सत्तेने त्यांना चहूबाजूंनी कोंडले होते. कापूस मिळत नव्हता, मीठ मिळत नव्हते. एक अख्खे राज्य वर्षानुवर्षे अळणी जेवत होते.

आपल्याकडे एका नामवंत परिसंवादात याच लोकांना फितूर म्हटले गेले. मी तेव्हा श्रोत्यांत होतो आणि गप्प बसलो, त्याचे आजही वाईट वाटते. फितूर होण्यासाठी आधी आपल्या माणसांत असावे लागते. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. ज्यांनी त्यांचे मीठ तोडले, त्यांच्या मिठाला त्लाश्कालाने कसे जागायचे? 'मेक्सिको' नावाचे राष्ट्र तेव्हा नव्हतेच. माणसाची निष्ठा असे ती आपल्या आल्तेपेत्लवर. शब्दशः पाणी आणि डोंगर. म्हणजे आपले नगर, आपला राजा, आपली दैवते.

आता आपल्या व्यवसायातला जुना वाद. बंदुका आणि घोड्यांनी जिंकले, असे एक पक्ष म्हणतो. देवीच्या साथीने जिंकले, असे दुसरा. माझ्यापुरता हा वाद एका विद्यार्थिनीने वर्गातच मिटवला. तिची आई खाणावळ चालवत होती. रोज शंभर मुलांचे जेवण त्या घरात रांधले जाई. मी मोहिमेचा नकाशा रंगवून सांगत होतो. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, या पाचशे जणांच्या भाकऱ्या कोण थापत होतं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी जाऊन साधने पुन्हा उघडली. उत्तर होतेच, मी कधी शोधले नव्हते. मका त्लाश्कालाचा होता, तो दगडी पाट्यावर वाटणाऱ्या बायका तिथल्या होत्या, तोफा ओढणारे खांदे तिथलेच.

30 जून 1520 च्या रात्री स्पॅनिश सैन्य तेनोच्तित्लानमधून पळाले. शेकडो मारले गेले. उरलेले जखमी त्लाश्कालाच्या आश्रयाला आले. तेनोच्तित्लानचे दूतही तिथे पोहोचले होते : आता तरी आमच्या बाजूला या. शिकोतेन्कात्ल हो म्हणत होता, वृद्ध प्रमुख माशिश्कात्सिन नाही म्हणत होता. वृद्धाचे चालले. त्या दिवशी उलट ठरते तर कोर्तेसचे नाव कोणाला ठाऊक राहिले असते? सरोवरातले ते शहर घेण्यासाठी लागलेल्या तेरा नौका त्लाश्कालात घडल्या. त्यांचे सुटे भाग हजारो हमालांनी डोंगरातून तेस्कोकोपर्यंत वाहून नेले. देवीची साथ म्हणाल, तर तिने तेनोच्तित्लानचा राजा क्वित्लावाक नेला, तसा तो माशिश्कात्सिनही नेला. रोग पक्ष निवडत नव्हता.

या सोबत्यांचे आकडे फुगवलेले आहेत, असे काही मित्र म्हणतील. कोर्तेसने स्वतः राजाला लिहिले आहे की शेवटी आम्ही नऊशेच्या आसपास होतो आणि हे सोबती दीड लाखाहून अधिक. हा आकडा निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. तरी एका स्पॅनिशामागे चाळीस माणसे उभी राहतात. मग मदतीला आलेले कोण?

मी त्यांना संत ठरवत नाही. ऑक्टोबर 1519 मध्ये चोलुला नगरात झालेल्या कत्तलीत त्लाश्कालाचेही हात होते. स्वतःचा इतिहास त्यांनीही सोयीने मांडला : 'लिएन्सो दे त्लाश्काला' या 1552 च्या सुमारास चितारलेल्या कापडी पटात, स्पॅनिशांशी झालेली ती पहिली लढाई दिसतच नाही. स्पॅनिशांचे पापही यातून धुतले जात नाही. शिकोतेन्कात्लला 1521 मध्ये कोर्तेसनेच फाशी दिले. आणि वेहोत्सिन्गो या दुसऱ्या सोबती नगराच्या पंचांनी 1560 मध्ये नाहुआत्ल भाषेत राजा फिलिपला लिहिलेले पत्र वाचताना माझा गळा दाटतो. आम्ही तुमच्याशी कधीच लढलो नाही, त्लाश्काला लढले. आम्ही आपणहोऊन आलो, मग आमच्यावर 14,800 पेसोंचा कर का, असे ते विचारतात. चाळीस वर्षांत जेते करदाते झाले होते. अर्जातही शेजाऱ्याशी जुने वैर जपून होते. ही माणसे 'स्थानिक' या एका शब्दात मावतात का?

अशी पत्रे आणि असे चितारलेले पट मराठीत यायला हवेत. कोणी करायचे, पैसा कुठून, हे कार्यकारिणीने बसून ठरवावे. मीही जमेल तसा हातभार लावीन.

तोवर एवढे करा. येत्या जूनमध्ये हा धडा शिकवाल तेव्हा पुस्तकातले 'स्थानिक लोकांच्या मदतीने' वाचून पुढे जाऊ नका. फळ्यावर नावे लिहा : सेम्पोआला, त्लाश्काला, वेहोत्सिन्गो, तेस्कोको. आणि त्यांखाली, कोर्तेसच्याच हिशोबाने : ते दीड लाख, स्पॅनिश नऊशे.