घरखरेदीचे पहिले पाऊल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



“घर घ्यायचे आहे, सुरुवात कोठून करावी?” हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना वस्तीत, कारखान्याच्या दारात, शाळेच्या शिक्षकखोलीत वारंवार विचारला जातो. घर ही ज्याची त्याची खाजगी बाब, तिचा राजकारणाशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. श्रमावर जगणारा माणूस आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार सर्वांत एकाकी अवस्थेत करतो. एका बाजूस बिल्डर, त्याचे वकील आणि कर्ज देणारी बँक. दुसऱ्या बाजूस एक कुटुंब आणि त्याची पंधरा-वीस वर्षांची बचत. हा समबलांचा करार नव्हे. आणि पुढची बहुतेक संकटे पहिल्याच पावलात दडलेली असतात. म्हणून आज त्या पावलापुरतेच बोलतो.

आधी हिशेब मांडू. समजा, घर ४० लाखांचे आहे आणि ३० लाख कर्जाऊ घ्यायचे आहेत. दरसाल ९ टक्के व्याजाने, २० वर्षांच्या मुदतीवर मासिक हप्ता सुमारे २७ हजार रुपये पडतो. एकूण फेड होते जवळजवळ ६५ लाख. पहिल्या हप्त्यातले साडेबावीस हजार नुसते व्याज असते. पाच वर्षे नेमाने हप्ते भरले म्हणजे १६ लाखांवर रक्कम गेलेली असते. मुद्दल मात्र ३ लाख ४० हजारांच्या आसपासच घटलेले असते. सहाव्या वर्षी कारखान्याला टाळे लागले तर? हप्ते तीन महिन्यांहून अधिक थकले की कर्ज बुडीत वर्गात जाते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयाची पायरी न चढता घर ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करता येते. तेव्हा ‘बँक किती देईल?’ हा पहिला प्रश्नच नव्हे. ‘घरातली एक मिळकत सहा महिने बंद पडली तर आपण किती हप्ता झेपवू?’ हा पहिला प्रश्न. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांची तजवीज कर्जाबाहेर, स्वतःच्या बचतीतूनच करावी लागते, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

येथे आपल्यातील अभ्यासू साथी एक आक्षेप घेतील. एंगल्सने १८७२ साली गृहप्रश्नावरील लेखमालेत बजावले होते की, कामगाराला घराचा मालक बनवणे म्हणजे त्याला एका जागी जखडणे होय. हप्त्याच्या धास्तीने संपावर जाण्यास कचरणारा कामगार आज आपण पाहतो. आक्षेपात तथ्य आहे. सार्वजनिक मालकीच्या, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची मागणी म्हणूनच आपण सोडता कामा नये. परंतु अशी घरे आज पुरेशी नाहीत, आणि भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंबाला मुलांच्या शाळेसकट बिऱ्हाड हलवावे लागते. त्या कुटुंबाला सिद्धांत ऐकवून परत पाठवणे हा समाजवाद नव्हे.

आता कागदपत्रे. नमुना सदनिका पाहण्याआधी जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. जमीन कोणाची, तिच्यावर बोजा आहे काय, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. मंजूर नकाशा व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहावे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. भाव कार्पेट एरियावरच ठरवावा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्यावाचून बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. आगाऊ पैशांसाठी घाई करणारा बिल्डर कायदा मोडतो आहे, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

पण नोंदणी क्रमांक दिसला की निश्चिंत व्हावे, असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण गाजले, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. खोटे कागद करणारे कोण आणि बेघर होण्याची पाळी कोणावर, हे वेगळे सांगायला नको. म्हणून प्रत्येक परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावी. हे काम एकट्याने करायचे तर रोजगार बुडतो. वीस जणांनी मिळून एक माणूस पाठवला तर एका दिवसात होते.

माझे मुख्य म्हणणे येथेच आहे. पहिले पाऊल बिल्डरच्या कार्यालयाकडे नव्हे, आपल्यासारख्याच दुसऱ्या गरजूकडे टाकावे. मुंबईत मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या नेतृत्वाखाली नागरी निवारा परिषदेने १९७६ च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन लढा दिला आणि गोरेगावला दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी लाल बावट्याखाली संघटित होऊन सुमारे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. ती २००६ साली त्यांच्या हाती आली. त्यांच्यातील एकेकटीला बिल्डरने दारातही उभे केले नसते.

कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली मोडीत काढला. तो मार्ग आज बंद आहे. पण संघटनेचा मार्ग बंद नाही. महाराष्ट्राच्या रेरा नियमांप्रमाणे इमारतीतील निम्म्याहून अधिक सदनिकांची विक्री नोंदली गेली की तीन महिन्यांत सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. जमिनीची मालकी संस्थेला मिळावी हे तत्त्व तर १९६३ च्या मोफा कायद्यापासून मान्य आहे. बिल्डर टाळाटाळ करतात म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तरीही भिंती आपल्या आणि खालची जमीन कागदोपत्री बिल्डरची, अशा स्थितीत असंख्य संस्था आहेत. पुनर्विकासाची वेळ आली की त्यांना याची जाणीव होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ गृहसाहाय्यासाठी राखावी. एक वकील, बँकेतून निवृत्त झालेला एक साथी आणि नगररचना विभागात खेपा घालण्याची तयारी असलेला एक तरुण, एवढे मनुष्यबळ पुरे. एकाच प्रकल्पात घर घेऊ पाहणाऱ्यांची तेथे गाठ घालून द्यावी आणि कोणीही पैसे भरण्यापूर्वी त्यांची समिती बनवावी. सभेला न येणारा माणूस त्या संध्याकाळी येईल. तो आपल्या घराचे कागद घेऊन येईल; जाताना शेजाऱ्याची ओळख घेऊन जाईल. संघटनेची सुरुवात यापेक्षा निराळी नसते.